बालीत पोलिसाने स्कूटर अडवली, तर या चुका टाळा

मेव्हण्याने लायसन्सखाली लाल नोट सरकवली, तेव्हा पोलिसाने अजून काही मागितलंच नव्हतं.

बालीतल्या एका चौकात सकाळी साडेनऊला आम्हाला बाजूला घेतलं होतं. भाड्याची स्कूटर, मेव्हणा चालवत होता, मी मागे, आणि दोघांत हेल्मेट एक. मेव्हण्याकडे लायसन्स होतं ते फक्त चारचाकीचं. इंटरनॅशनल परमिट काढायचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. पोलिसाने पावतीपुस्तक काढून स्कूटरच्या सीटवर टेकवलं, पेनाचं टोपण काढलं. मी काही बोलणार तोच मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही गप्प राहा, मी बघतो." लायसन्सच्या कार्डाखाली 1 लाख रुपियाची नोट धरून त्याने हात पुढे केला. पोलिसाने एकदा रस्त्याकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक मिटलं. आम्ही सुटलो.

एवढ्यावर संपलं असतं तर हा किस्सा मीही घरी येऊन हसत सांगितला असता. पण निघताना मी मागे बघितलं. आमच्यामागोमाग अडवलेला एक मुलगा तिथे उभा होता, हॉटेलच्या युनिफॉर्ममधला. त्याच्या मागे बसलेल्या मुलीच्या डोक्यावरही हेल्मेट नव्हतं. त्याने पाकिटातून 20 हजारांच्या दोन हिरव्या नोटा काढल्या. पोलिसाने मान हलवली आणि हनुवटीने आमच्याकडे खूण केली. त्या मुलाने आमच्याकडे बघितलं, आणि मग पाकिटाच्या आतल्या कप्प्यात बोटं घातली.

1 लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका जेवणाचे. बाली प्रांताचं किमान वेतन 2024 मध्ये महिन्याला साधारण 28 लाख रुपिया होतं, म्हणजे त्या मुलासाठी ती नोट म्हणजे जवळपास एका दिवसाची मजुरी. त्या चौकातला भाव आमच्या नोटेने ठरवला होता. 2024 मध्ये बालीला गेलेल्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियानंतर आपलाच नंबर लागला, त्यामुळे हे सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

पहिली चूक घरीच होते

चौकात काय करायचं हा प्रश्न खरं तर आरटीओत सुटायला हवा. बालीत स्कूटर भाड्याने देणारा सहसा लायसन्स बघत नाही. पैसे घेतो, किल्ली देतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की कागद लागतच नाहीत. पोलीस मात्र आपलं मूळ लायसन्स आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, दोन्ही मागतात. आयडीपी आपल्या आरटीओतून मिळतं, परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो, फी 1000 रुपये आणि मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स ज्या वाहनाचं, आयडीपीही त्याच वाहनाचं. चारचाकीचं लायसन्स दाखवून काढलेलं आयडीपी स्कूटरवर कामाचं नाही, आणि इथेच आपल्याकडची निम्मी मंडळी फसतात. काही खासगी संकेतस्थळं 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणून दिसायला झकास पुस्तिका विकतात. ती आयडीपी नव्हे, तिच्यावर पैसे घालवू नका.

जाता जाता आणखी एक: आपलं आयडीपी रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातलं असतं. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातलंच मानतं. म्हणजे बालीला नेलेला कागद तिथेही चालेल असं गृहीत धरू नका.

लायसन्स नसताना अपघात झाला तर बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसी हात वर करतात. चौकात नोट देऊन पोलिसाला गप्प करता येतं, पण पुढच्या वळणावर पाय मोडला तर हॉस्पिटलचं बिल आपल्याच नावावर येतं. पोलिसाने अडवून स्कूटर तिथेच थांबवली असती, तर त्याने आपल्यावर उपकारच केले असते.

हेल्मेट दोघांनाही हवं. "इथले लोक कुठे घालतात?" असं म्हणणाऱ्यांनी जरा नीट बघावं. डोक्याला उदेंग बांधून, पांढरा सदरा घालून देवळाकडे निघालेल्या बाली माणसाला पूजेच्या निमित्ताने रिवाजाने सूट मिळते. बीचवर निघालेल्या आपल्याला ती लागू नाही.

स्वतःची चूक असताना "पैसे उकळले" म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे थोडं थांबतो.

परत आल्यावर मेव्हणा सगळ्यांना सांगत होता, "तिथले पोलीस पैसे काढतात हो." मी जेवायच्या ताटावर त्याला विचारलं, "त्याने मागितले कधी?" तो गप्प बसला. आपल्याकडे 2011 मध्ये कौशिक बसू केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना त्यांनी एक मांडणी केली होती, तिच्यावर तेव्हा बरंच वादळ झालं. लाच दोन तऱ्हेची असते, असं ते म्हणत होते. एकीत माझा हक्काचाच कागद साहेब पैसे दिल्याशिवाय देत नाही. ही छळाची लाच, आणि अशी लाच देणाऱ्याला गुन्हेगार धरू नये म्हणजे तो निदान तक्रार करेल, असं त्यांचं म्हणणं. दुसरीत देणारा आणि घेणारा दोघे मिळून तिसऱ्याला फसवतात. ती दोघांची मिळून चोरी.

बालीच्या चौकात आम्ही कुठल्या बाजूला होतो? लायसन्स नाही, एक हेल्मेट कमी. पोलिसाने फक्त कायदा लावला असता तर आम्हाला दंडच झाला असता. तो दंड सरकारी खजिन्यात जाण्याऐवजी आम्ही त्याचा काही भाग एका माणसाच्या खिशात घातला आणि उरलेला स्वतःच्या खिशात ठेवला. याला उकळणं म्हणत नाहीत. आपल्या भाषेत याला तोडपाणी म्हणतात, आणि तोडपाण्याला दोन माणसं लागतात.

म्हणून चौकात स्वतःला एकच गोष्ट विचारावी: हा पोलीस अगदी सरळ माणूस असता तर माझं आत्ता काय झालं असतं? उत्तर 'काही नाही, त्याने मला जाऊ दिलं असतं' असं असेल, तर आपल्यावर अन्याय होतोय. उत्तर 'पावती फाडली असती' असं असेल, तर नोट काढणारा हात आपला आहे आणि त्याची जबाबदारीही आपली.

दंड किती, हे माहीत नसणं

भीती अज्ञानातून येते आणि नोट भीतीतून बाहेर पडते. इंडोनेशियाचा वाहतूक कायदा 2009 चा, क्रमांक 22. त्याच्या मूळ तरतुदींत लायसन्सशिवाय वाहन चालवलं तर चार महिन्यांपर्यंत कैद किंवा जास्तीत जास्त 10 लाख रुपिया दंड. हेल्मेट नसेल, स्वतःला किंवा मागच्याला, तर जास्तीत जास्त अडीच लाख. सिग्नल तोडला तर जास्तीत जास्त 5 लाख. आकडे ऐकून छातीत धस्स होतं, पण अडीच लाख रुपिया म्हणजे आपले तेरा-चौदाशे रुपये.

पावतीला तिथे 'तिलांग' म्हणतात. पावती दोन रंगांची असते. निळी घेतली तर चूक मान्य करून दंड बँकेत भरायचा, बँक राकयात इंडोनेशिया म्हणजे बीआरआयमध्ये. लाल घेतली तर ठरलेल्या तारखेला कोर्टात उभं राहायचं. सहलीवर असलेल्या माणसाला निळीच सोयीची. पोलिसाने 'दामाई' हा शब्द काढला तर समजा की तो मांडवलीबद्दल बोलतोय. दामाईचा मूळ अर्थ शांतता, सलोखा. इतका सुंदर शब्द या कामाला लावलेला ऐकून वाईट वाटतं. त्यावर हसतमुखाने, आवाज न चढवता म्हणायचं, "तिलांग साजा, पाक." म्हणजे "पावतीच द्या, साहेब." वाद नाही, व्हिडिओ काढायची धमकी नाही, इंग्रजीत कायदा शिकवणं तर अजिबात नाही.

यात त्रास आहे, तो लपवत नाही. दंड भरेपर्यंत लायसन्स किंवा गाडीचा कागद पोलीस ठेवून घेतो. गाडीचा कागद अडकला की स्कूटरवाल्याला फोन करावा लागतो, बँक गाठावी लागते, अर्धा दिवस जातो. दुसऱ्या दिवशी विमान असेल तर जीव टांगणीला लागतो. म्हणूनच शेवटच्या दिवशी स्कूटर घेऊच नये, टॅक्सी करावी. आणि स्कूटरवाल्याकडे पासपोर्ट गहाण ठेवून येऊ नये. पुढचं सगळं त्याने अवघड होतं.

न मागता पुढे करणं

ही आपली खास सवय. पुण्यात, ठाण्यात, नाशकात सिग्नलवर "साहेब, बघा ना काहीतरी" म्हणता म्हणता हात आपोआप खिशाकडे जातो, आणि तोच हात आपण विमानातून बरोबर नेतो. इंडोनेशियाच्या कायद्यात सरकारी माणसाला लाच देणाऱ्यालाही शिक्षा आहे: एक ते पाच वर्षं कैद आणि वर मोठा दंड. पाचशे रुपयांच्या नोटेसाठी कोणी इतकं ताणत नसेल, पण समोरचा माणूस प्रामाणिक निघाला तर आपला हेल्मेटचा किरकोळ दंड फौजदारी गुन्ह्यात बदलतो. बालीला जोडून मलेशिया करणाऱ्यांनी तर हे गाठीला बांधून ठेवावं. तिथल्या 2009 च्या कायद्यात लाच देणाऱ्याला 20 वर्षांपर्यंत कैद आहे.

"इथे असंच चालतं"

कोणाच्या तोंडून हे वाक्य येतं ते बघा. बहुतेक वेळा पर्यटकाच्या. इंडोनेशियातल्या लोकांना हे चालत नाही. त्यांचे माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, लोकांचे गुस दुर, म्हणायचे की या देशात तीनच पोलीस लाच घेत नाहीत: पोलिसाचा पुतळा, 'झोपलेला पोलीस' आणि होएगेंग. झोपलेला पोलीस म्हणजे रस्त्यावरचा स्पीडब्रेकर, तिथे त्याला हेच नाव आहे. होएगेंग हे 1968 ते 1971 या काळातले पोलीसप्रमुख, सचोटीसाठी त्यांचं नाव आजही घेतात. या विनोदात हसू आहे तसं दुखणंही आहे.

आणि ते दुखणं तिथल्या लोकांनी नुसतं सोसलेलं नाही. 2013 मध्ये एका डच पत्रकाराने बालीतल्या पोलिसाला 2 लाख रुपिया घेताना छुप्या कॅमेऱ्यात टिपलं, तेव्हा देशभर संताप उसळला आणि त्या पोलिसावर कारवाई झाली. 2016 मध्ये अशा बेकायदा वसुलीविरुद्ध सरकारने खास पथक उभारलं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पोलीसप्रमुखांनी हाताने पावत्या फाडणं थांबवून कॅमेऱ्याच्या ई-पावतीवर जायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी हाताची पावती काही प्रमाणात परत आली, पण कॅमेरे वाढतच आहेत. ही माणसं आपल्या चौकासाठी झगडताहेत, आणि चार दिवसांचे पाहुणे म्हणून गेलेले आपण त्यांच्या झगड्याच्या उलट बाजूला नोट ठेवतो.

खरंच अडवणूक असेल तर

कागद पूर्ण, हेल्मेट दोन्ही, सिग्नल पाळलेला, आणि तरी पैसे मागितले जातात, असंही होतं. तिथेही आधी पावती मागा. चूक नसेल तर पावतीवर काय लिहायचं हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो, आणि बरेचदा विषय तिथेच मिटतो. नाही मिटला, तर शांतपणे थांबून राहा. घाई आपल्याला आहे हे त्याला कळलं की भाव वाढतो.

पण रात्र असेल, रस्ता सुनसान असेल, मागे बायको-पोरं असतील आणि मनात भीती असेल, तर पैसे द्या आणि सुखरूप खोलीवर जा. त्या नोटेचं ओझं मनावर घेऊ नका, ते देणं तुमच्याकडून हिसकावून घेतलेलं आहे. आपल्याकडच्या कायद्यातही 2018 च्या दुरुस्तीने लाच देणं गुन्हा ठरवलं, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना कळवलं तर देणाऱ्याला शिक्षा नाही. बालीत हा कायदा लागू होत नाही, पण त्यातलं कळवण्याचं कर्तव्य मनाला लागू करून घ्यावं. जागा, वेळ, गाडीचा नंबर लगेच लिहून ठेवा. पोलिसांचा फोन 110, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघणारा त्यांचाच विभाग आहे, त्याला प्रोपाम म्हणतात. बालीत भारताचं वाणिज्य दूतावास आहे. ते दंड माफ करून देणार नाहीत, पण प्रकरण वाढलं तर आपलं माणूस म्हणून तिथे जाता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला

त्या संध्याकाळी, चौकातून सुटल्याच्या आनंदात, मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं: "बालीला जाताय तर 1 लाखाची एक नोट वेगळ्या कप्प्यात ठेवा, पोलीस अडवतात." अकरा जणांनी अंगठा दाखवला. त्या मुलाने पाकिटात घातलेली बोटं मी सकाळी बघितली होती, तरी संध्याकाळी मी हे लिहिलं. तो संदेश पुढे कुठे कुठे गेला असेल, मला मोजता येणार नाही.

पुण्याला परतल्यावर आठवडाभराने त्याच संदेशाखाली मी लिहिलं की आधी सांगितलं ते चुकीचं होतं, नोट ठेवू नका, आयडीपी काढा, दुचाकीचं लायसन्स नसेल तर ड्रायव्हरसकट गाडी घ्या, आणि अडवलंच तर पावती मागा. अंगठे आले दोन. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. महिन्याभराने मुलाबरोबर ते बालीला निघणार होते. मुलाकडे दुचाकीचं लायसन्स होतं, आयडीपी नव्हतं. "अर्जाला कुठले कागद लागतात, सांग," ते म्हणाले, आणि लिहून घ्यायला पेन शोधू लागले.