रंकाळ्याचं पाणी मऊ हवं, पण फोटो पांढराफटक नको

कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या संध्यामठाच्या दगडाभोवती पाणी फोनच्या फोटोत दुधासारखं सपाट दिसायला हवा असेल, तर शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. फोन अडतो तो इथेच. मोठ्या कॅमेऱ्यात उजेड आत येण्याचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/16 पर्यंत आवळता येतं; बहुतेक फोनमध्ये ते एफ/1.8 च्या आसपास कायमचं उघडं असतं. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 50 ठेवला तरी शटर 1/4000 सेकंदाच्या आसपास लागतं. तिथे एक सेकंद दिला की सगळं पांढरं.

म्हणून दुपारी जाऊच नका. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी आयएसओ 50 ला साधारण 1/4 सेकंद मिळतो. त्यावर एनडी64 फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड 64 पट कमी करणारी काळी काच) लावला की 64 पट, म्हणजे 16 सेकंद. हिशेब एवढाच: फिल्टरशिवायचा वेळ गुणिले एनडीचा आकडा.

फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा. प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायचा मोड) आयएसओ सगळ्यात खाली आणा, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) ऑटोवरून काढा आणि मठावर फोकस करून तो मॅन्युअलवर ठेवा. फिल्टर त्यानंतरच. आधी लावला तर काळोखात फोकस भरकटतो. शेवटी 3 सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बोटाच्या धक्क्यानेच दगड हलतो. फिल्टरची क्लिप आणि लेन्समध्ये फट राहिली तर बाजूने उजेड शिरतो आणि फोटोवर धुरकट पट्टा येतो. काळं कापड गुंडाळलं की थांबतो.

पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्याला एवढा वेळ नको. 1/4 ते 1/2 सेकंद पुरे. त्यापुढे पाण्याच्या धारा जाऊन नुसता कापूस उरतो. झाडीखाली 1/160 येत असेल तर एनडी64 ने 0.4 सेकंद होतो. जळतो, म्हणजे निव्वळ पांढरा होतो, तो फेसच. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटला तर शटर निम्म्यावर आणा. अंधारलेले खडक नंतर उजळता येतात, जळलेला फेस परत येत नाही. तुषार उडत असतील तर प्रत्येक फोटोआधी फिल्टर पुसा.

रात्री गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा काढतानाही फिल्टर हवाच. रस्त्यावरचे दिवे 8 सेकंदांत सगळी चौकट धुऊन टाकतात. एनडी32 पासून सुरुवात करा. ट्रायपॉड पुलावर मात्र नको, ट्रक गेला की पूल थरथरतो.

फिल्टर नसेल तर आयफोनवर लाइव्ह फोटो काढून लाँग एक्स्पोजर निवडा. त्यात सुमारे 3 सेकंदांच्या फ्रेम्स एकत्र होतात, त्यामुळे पाणी मऊ होतं आणि उजेड साचत नाही.