काडवालाडर म्हणजे काय? वेल्श नावाचा अर्थ असा काढा

आजकाल लातूर-नांदेडकडं बारसं जवळ आलं की घरातली पोरं 'युनिक नाव' म्हणून गुगल करायलेत आन त्यातून एखादं वेल्श (इंग्लंडशेजारच्या वेल्सच्या भाषेतलं) नाव निघतंच. पहिला दिसंल तो अर्थ लगेच ग्रुपवर टाकू नका, नावांच्या साईटी एकमेकींचं कॉपी मारतात. स्वतः काढा, जमतं. काडवालाडरच घेऊ.

आधी अस्सल वेल्श स्पेलिंग धरा, सी ए डी डब्ल्यू ए एल ए डी आर. इंग्रजी वळणाचं कॅडवॅलडर आडनाव म्हणून चालतं पण त्याच्यावरून फोड नीट होत नाही. बोलताना जोर 'वा'वर, कारण वेल्शमधे जोर बहुतेक शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर असतो आन 'लाडर' हा एकच खंड धरतात (आज्जीला काडीवाला ऐकू येणार, इलाज नाही).

आता फोड. 'काड' म्हणजे लढाई. उरलं 'वालाडर', ते शब्दकोशात सापडत नाही आन इथंच लोक सोडून देतात. वेल्शमधे दोन शब्द जोडले की दुसऱ्याचं पहिलं अक्षर बदलतं, आपल्या संधीसारखंच समजा, आन ते 'ग' असलं तर चक्क गायबच होतं, म्हणून पुढं 'ग' लावून 'ग्वालाडर' शोधा, अर्थ सरदार, राजा. म्हणजे लढाईतला म्होरक्या. वेल्स विद्यापीठाचा मोठा शब्दकोश ऑनलाइन फुकट हाय, अर्थ इंग्रजीतबी देतो.

मग त्या नावाचा खरा माणूस शोधा, नुसत्या फोडीवर भरवसा ठेवू नका. हा 7व्या शतकातला, वेल्समधल्या ग्विनेड राज्याचा राजा, काडवालॉनचा पोरगा. वेल्सच्या अँगलसी बेटावर लानगाडवालाडर नावाचं गाव हाय, तिथं 'क'चा 'ग' झालेला दिसंल, आन तिथल्या चर्चमधे त्याच्या आजोबाचा, काडवानचा, लॅटिन कोरलेला दगड हाय. 1485 ला बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरनं (जो पुढं इंग्लंडचा राजा झाला) याच काडवालाडरचा म्हणून लाल ड्रॅगन झेंड्यावर घेतला, आज वेल्सच्या झेंड्यावरबी लाल ड्रॅगनच हाय.

एक सांभाळा, इद्रिस. आपल्याकडं औरंगाबाद-परभणीत हे नाव हाय, ते अरबी, इद्रिस नावाच्या एका पैगंबरांचं. वेल्शमधेबी इद्रिस हाय पण त्याची मुळं वेगळी, 'स्वामी' आन 'तडफदार' अशी, तिथं काडेर इद्रिस नावाचा 893 मीटरचा डोंगरच हाय. स्पेलिंग जुळलं म्हणून अर्थ उचलू नका.

आन पोराला खरंच काडवालाडर ठेवायचं असंल तर मराठी स्पेलिंग आधीच ठरवा, न्हाईतर जन्मदाखला, आधार आन शाळेत तीन वेगळी नावं लागतील.