क्लाउडची जागा भरली : पैसे भरण्याआधी काय करावे

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री दरवर्षी मराठी नाटक होते, आणि गेल्या वेळी भाच्याने ते तिन्ही अंक आपल्या नव्या फोनवर ४के या फार बारकाव्याच्या दर्जात टिपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फोनवर जागा संपल्याचा संदेश आला. अंकांच्या फाइली इतक्या मोठ्या होत्या की त्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, चढल्याच नाहीत, मात्र मध्यंतरातल्या आणि रंगपटातल्या छोट्या चित्रफिती चढल्या आणि त्यांनी खात्यातली उरलीसुरली जागा खाऊन टाकली. त्याच खात्यावर त्याची ईमेल असल्यामुळे कामाची पत्रेही परत जाऊ लागली. संदेशाखाली अर्थातच जागा विकत घेण्याचे बटण होते. ते दाबण्याआधी काय करता येते, हे त्याला समजावून सांगताना जे क्रमाने करावे लागले, तेच येथे मांडत आहे.

आधी नाटकाचाच हिशेब पाहू. ॲपल आपल्या फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये स्वतःच सांगते की नव्या, दाबलेल्या स्वरूपात ४के दर्जाचे सेकंदाला ३० चौकटींचे चित्रण मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेते, तर १०८०पी या त्याहून कमी बारकाव्याच्या दर्जाचे तेवढ्याच चौकटींचे चित्रण सुमारे ६० एमबी. हजार एमबी म्हणजे एक जीबी. अडीच तासांचे नाटक पहिल्या दर्जात सुमारे साडेपंचवीस जीबी होते आणि दुसऱ्या दर्जात नऊ. गूगल मोफत देते १५ जीबी, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींना मिळून. ॲपलची आयक्लाउड सेवा देते ५ जीबी, आणि २०११ साली ही सेवा सुरू झाली तेव्हापासून हा आकडा तसाच आहे. त्या काळापेक्षा आज फोनमधले फोटो आणि व्हिडिओ पुष्कळ जास्त जागा घेतात, पण फुकटची खोली मात्र तेवढीच राहिली. माझ्या मते लोकांची चीड महिन्याच्या शे-सव्वाशे रुपयांवर कमी आणि यावर अधिक आहे.

गूगलच्या बाबतीत आणखी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ जून २०२१ पूर्वी ‘उच्च दर्जा’ या पर्यायात चढवलेले फोटो मोफत मर्यादेत धरले जात नव्हते. त्या दिवसापासून चढलेले फोटो सर्वसाधारणपणे धरले जातात. तसेच अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप, म्हणजे क्लाउडवर ठेवलेली राखीव प्रत, पूर्वी मोजला जात नसे, तो २०२४ च्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने मोजणीत आला. त्यामुळे ‘मी तर काहीच नवे ठेवले नाही, मग जागा कशी भरली’ ही तक्रार अनेकदा खरी असते.

पहिली पायरी : नक्की काय भरले आहे ते पाहणे

फोनची स्वतःची जागा आणि क्लाउडवरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हींचे इशारे दिसायला सारखेच असतात आणि घरोघरी गोंधळ येथूनच सुरू होतो. फोनच्या सेटिंगमधील ‘स्टोरेज’ फोनची जागा दाखवते; गूगल खात्याची जागा गूगल वन या गूगलच्या साठ्याच्या ॲपमध्ये किंवा ड्राइव्हच्या मेन्यूतील ‘स्टोरेज’मध्ये दिसते; आयफोनवर सेटिंगमध्ये सर्वांत वर असलेल्या आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउड उघडावे लागते. फोन भरला असेल तर क्लाउडची जागा विकत घेऊन तो आपोआप रिकामा होत नाही. क्लाउड भरला असेल तर फोनमधली गाणी आणि ॲप पुसून काहीही फरक पडत नाही.

भाच्याच्या खात्यात मेल, ड्राइव्ह, फोटो आणि बॅकअप यांचे रंगीत पट्टे पाहिले तेव्हा फोटोंइतकाच मोठा पट्टा व्हॉट्सॲपच्या बॅकअपचा निघाला.

दुसरी पायरी : केरकचरा काढणे

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करावी, कारण तेथे श्रम कमी आणि फळ मोठे आहे. सेटिंगमधील ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये जागेचे व्यवस्थापन करण्याचा पर्याय असतो, तो ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवतो. शुभ सकाळच्या फुलांचे फोटो, एकादशीच्या शुभेच्छा, शिगम्याच्या एकाच रोमटामेळाचे (मिरवणुकीचे) चार गटांतून आलेले चार व्हिडिओ, हे सारे तेथे एकत्र सापडते. त्यानंतर चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ समाविष्ट करण्याचा पर्याय बंद करावा आणि नवा बॅकअप घ्यावा; जुन्या मोठ्या बॅकअपची जागा नवा लहान बॅकअप घेतो. शेवटी फाइली आपोआप डाउनलोड होण्याचा पर्यायही बंद करावा, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा तीच साफसफाई करावी लागेल.

मेलसाठी संगणकावर जीमेल उघडावे, शोधपट्टीच्या उजवीकडील पर्यायांत आकार ‘१० एमबीपेक्षा मोठा’ असा द्यावा आणि जोडपत्रे असलेली पत्रेच मागवावीत. मेलच्या साध्या मजकुराला जागा फारशी लागत नाही, म्हणून हजारो जाहिरातपत्रे एकेक करून पुसत बसण्यापेक्षा अशी पन्नास जड पत्रे काढणे शहाणपणाचे. घराची कागदपत्रे, विमा, आयकर यांची जोडपत्रे मात्र आधी उतरवून घ्यावीत.

पुसलेली गोष्ट टोपलीत जाते आणि तेथेही जागा अडवतेच. जीमेल आणि ड्राइव्हची टोपली ३० दिवसांनी रिकामी होते, गूगल फोटोमध्ये बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस टोपलीत राहतात आणि आयफोनवर ‘नुकतेच हटवलेले’ या अल्बममध्ये साधारण ३० दिवस. जागा आजच हवी असेल तर टोपली हाताने रिकामी करावी लागते. फोटोंच्या टोपलीला मात्र चौथ्या पायरीपर्यंत हात लावू नये.

तिसरी पायरी : दर्जा ठरवणे

गूगल फोटोच्या बॅकअप सेटिंगमध्ये मूळ दर्जा आणि ‘स्टोरेज सेव्हर’ असे पर्याय असतात. दुसऱ्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पीपर्यंत उतरवला जातो. मोबाइलवर पाहण्यासाठी किंवा नेहमीच्या आकारात छापण्यासाठी एवढे पुष्कळ आहे. संगणकावर गूगल फोटोच्या सेटिंगमध्ये जागा परत मिळवण्याचा पर्यायही मिळतो, जो आधी मूळ दर्जात चढवलेले सारे काही दाबून लहान करतो. हा पर्याय मागे घेता येत नाही. म्हणून लग्नाचे किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचे मूळ फोटो आधी संगणकाला जोडायच्या वेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय ते बटण दाबू नये.

पुढच्या जत्रेसाठी कॅमेऱ्याचीच सेटिंग १०८०पीवर आणून ठेवली, तर अर्धे काम मुळातच वाचते. मंचापासून पंधराव्या रांगेत बसून, पेट्रोमॅक्ससारख्या पिवळ्या प्रकाशात टिपलेल्या नाटकाला ४के दर्जाने काय मिळते, हे भाच्याने मला अजून दाखवून दिलेले नाही.

चौथी पायरी : स्वतःच्या डिस्कवर उतरवणे

या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी पायरी आहे. क्लाउड म्हणजे सुरक्षित प्रत, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात फोटोंच्या बहुतेक सेवा फोन आणि क्लाउड यांना एकमेकांशी जुळते ठेवतात. याचा अर्थ असा की क्लाउडवरची जागा वाचवण्यासाठी गूगल फोटो ॲपमधून फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो, आणि आयक्लाउड फोटो चालू असलेल्या आयफोनवर पुसलेला फोटो सगळीकडून जातो. माझ्या एका मावसबहिणीने मुलीच्या बारशाचे फोटो असेच घालवले होते. टोपलीची मुदत संपायला चारच दिवस उरलेले असताना ते परत मिळाले.

अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडावा, फोनवर येणाऱ्या सूचनेतून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे आणि डीसीआयएम नावाचा कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर जसाच्या तसा डिस्कवर उतरवावा. आयफोनवर एक अडचण येते : सेटिंगमध्ये ‘जागा अनुकूल करा’ हा पर्याय चालू असेल तर फोनमध्ये फोटोंच्या लहान प्रतीच असू शकतात आणि मूळ फोटो आयक्लाउडवर असतात. अशा वेळी केबलने उतरवलेल्या प्रतींवर विसंबू नये, तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून किंवा मॅक संगणकावर मूळ प्रती डाउनलोड करण्याचा पर्याय निवडून खरे फोटो मिळवावेत.

जे फक्त गूगलवरच आहे त्यासाठी ‘गूगल टेकआउट’ ही सोय वापरावी. तेथे फोटो निवडून, शक्यतो वर्षावर्षाचे अल्बम वेगळे मागवावेत. गूगल ते झिप फाइलींत बांधून दुवा पाठवते आणि तो दुवा साधारण आठवडाभर चालतो. झिपचा आकार ५० जीबीपर्यंत निवडता येतो. मोठा आकार घेतला तर फाइली कमी होतात हे खरे, पण जून-जुलैत आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने २ किंवा ४ जीबीच घ्यावा. अर्ध्यात तुटलेली ५० जीबीची फाइल पुन्हा पहिल्यापासून उतरवण्याची पाळी येऊ शकते. झिपमध्ये फोटोंसोबत जेसन प्रकारच्या छोट्या फाइली येतात. त्या निरुपयोगी दिसतात, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या पोटात बहुधा तारीख नसते आणि गूगलने नोंदवलेली तारीख या फाइलींतच असते, म्हणून त्या फेकू नयेत.

डिस्क विकत घेताना दोन गोष्टींनी दचकू नये. एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची, डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते, उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. दुसरे असे की फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, मग त्यावर कितीही जागा मोकळी असो. आमच्या नाटकाचा एकेक अंक साडेआठ जीबीचा असल्याने आम्ही नेमके येथेच अडकलो. ती ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यावर काम झाले. फॉरमॅट केल्याने आधीचे सगळे पुसले जाते, हे मात्र आधी पाहावे. एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, म्हणून घरात दोन्ही प्रकारचे संगणक असतील तर एक्सफॅटच बरे.

उतरवून झाल्यावर लगेच काही पुसू नये. मूळ फोल्डरमधील फाइलींची संख्या आणि एकूण आकार डिस्कवरील प्रतीशी ताडून पाहावा, मधलेच दहा-बारा फोटो उघडावेत, आणि मोठा व्हिडिओ असेल तर तो ओढत शेवटच्या मिनिटापर्यंत नेऊन पाहावा, कारण अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला बहुधा नीट चालते. आम्ही तिसऱ्या अंकातले भरतवाक्य ऐकले आणि मगच क्लाउड रिकामा केला.

तरीही जागा विकत घ्यायचीच असेल तर

काहींना ती घ्यावी लागेलच आणि त्यात वावगे काही नाही. गूगलचे भारतातले रुळलेले दर १०० जीबीला महिना १३० रुपये किंवा वर्षाला १३०० रुपये, आणि २०० जीबीला महिना २१० रुपये असे आहेत. ते बदलतात, म्हणून ॲपमध्ये पाहून घ्यावेत. वर्षाचे एकदम भरले तर दोन महिन्यांचे वाचतात. खरी मेख पुढे आहे : २०० जीबीनंतरची नेहमीची पायरी थेट २ टीबीची असते, गूगलकडेही आणि आयक्लाउडकडेही. ज्याला अडीचशे जीबी हवेत त्याने दोन हजार जीबीचे भाडे भरावे, अशी ही रचना आहे. म्हणून दोनशेच्या आत राहण्याचा प्रयत्न करणे हेच फायद्याचे.

एका घरात प्रत्येकाने वेगळी जागा घेऊ नये. गूगल वन आणि आयक्लाउड प्लस या दोन्हींत घेणारा आपल्या कुटुंबातील आणखी पाच जणांना ती वाटून देऊ शकतो, आणि एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसत नाहीत. बहिणीने दुबईहून घेतलेल्या जागेत फोंड्यातले सगळे घर बसवता येईल असे मात्र गृहीत धरू नये, कारण कुटुंबगटातील खाती एकाच देशातील असावीत अशी गूगलची अट असते.

सुरुवातीच्या महिन्यांची सवलत पाहून पैसे भरणार असाल तर ती संपल्यावर पूर्ण दर आपोआप कापला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वजावटीची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नये. नको असल्यास आधी ॲपमधून सदस्यत्व रद्द करावे आणि मग यूपीआय ॲपमधील ऑटोपे यादीतही ते गेले आहे ना, हे पाहावे. सदस्यत्व सोडल्यावर फाइली लगेच जात नाहीत, पण मर्यादेबाहेर राहिलेल्या गूगल खात्यात मेल अडू शकते आणि सलग दोन वर्षे तशीच स्थिती राहिली तर गूगल साठा पुसू शकते.

डिस्कची निगा

आपल्या हवेत डिस्क नुसती कपाटात टाकून चालत नाही. पावसाळ्यात ज्या दमट हवेने चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, तीच हवा जोडणीच्या धातूवरही काम करते. लोणच्याची रिकामी, स्वच्छ, घट्ट झाकणाची बरणी, तिच्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि कापडात गुंडाळलेली डिस्क, असे आमच्याकडे चालते. गडगडाट सुरू असताना डिस्क संगणकाला जोडू नये आणि काम झाल्यावर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ती उपटू नये. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घेतली असेल तर ती वर्षानुवर्षे विजेविना पडून राहणे तिच्यासाठी चांगले नसते. वर्षातून दोनदा तरी जोडावी. आम्ही मेच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, आणि चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) नवे व्हिडिओ उतरवताना अशा दोन वेळा ठरवल्या आहेत. जत्रेच्या नाटकाची दुसरी प्रत मडगावला आतेच्या घरी दुसऱ्या डिस्कवर आहे, आणि क्लाउडवर त्यातली फक्त चार मिनिटांची नांदी ठेवली आहे.