क्लिअर अलाईनर लावल्यावर खायचं-प्यायचं कसं: मिनिटांचा हिशोब, चहा आणि हळद

क्लिअर अलाईनर म्हणजे दात सरळ करायला दातांवर बसवायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, त्यांना नंबर असतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा नंबर घालायचा. डॉक्टर ट्रेचा पहिला सेट हातात देतात तेव्हा सूचना अगदी छोटी असते, दिवसातले २० ते २२ तास घालायचे आणि खाता-पिताना काढायचे. ऐकायला सोपं वाटतं. घरी आल्यावर कळतं की आपल्याकडे दिवसभर तोंड किती चालू असतं. सकाळचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी, मग पोहे, ११ वाजता ऑफिसचा चहा, जेवण, जेवणावर बडीशेप, ४ चा चहा, येता जाता डब्यातला मूठभर चिवडा, कुणी आणलेला प्रसाद, रात्रीचं जेवण आणि झोपताना दूध. मोजून बघा, ९-१० वेळा होतं! आणि प्रत्येक वेळी ट्रे काढायचा, खायचं, दात साफ करायचे, ट्रे धुवायचा, परत घालायचा.

माझे ट्रे चालू होऊन ११ महिने झालेत आणि तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं की पदार्थांची यादी नंतर बघा, आधी दिवसात किती वेळा खाताय ते बघा. ट्रेवर पुरणपोळी, मिसळ, मासे सगळं चालतं, कारण खाताना तो तोंडात नसतोच. फिक्स्ड ब्रेसेसवाल्यांना, म्हणजे दातांना तारा लावलेल्यांना, ही मुभा नसते. आपल्याला आहे, पण ती दिवसभर चरत राहायला वापरली तर ट्रीटमेंट लांबते.

पहिलं काम: १२० मिनिटं वाटून घ्या

२२ तास घालायचे म्हणजे २ तास उरले, १२० मिनिटं. मी ती अशी वाटली: सकाळी चहा आणि नाश्ता एकदमच, २० मिनिटं. दुपारचं जेवण ३०. संध्याकाळचा चहा आणि काय खायचं ते १५. रात्रीचं जेवण ३०. झाले ९५, उरलेली २५ मिनिटं चारही वेळचं ब्रशिंग आणि ट्रे धुणं यात जातात. म्हणजे चार बैठका, बस. पहिले १५ दिवस ट्रे काढला की मोबाईलवर टायमर लावा, कारण गप्पांच्या नादात जेवणानंतरचा पाऊण तास कसा जातो ते खरंच कळत नाही.

एवढं काटेकोर का, तर दात सरकतो तो त्याच्यावर सतत हलका दाब राहिल्यामुळे, दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं. दाब काढला की दात परत जुन्या जागेकडे निघतो. रोज ४-५ तास ट्रे बाहेर राहिला तर पुढचा नंबर घालताना तो नीट बसत नाही, कडेला फट राहते, आणि मग गाडी तिथेच अडते.

एक मात्र मनापासून सांगते, मिनिटं वाचवायला जेवण बुडवू नका. डायबेटिस असेल, प्रेग्नन्सी असेल, किंवा थोड्या थोड्या वेळाने खाणं गरजेचं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच व्हिजिटला सांगा, ते त्याप्रमाणे ट्रे बदलायचे दिवस वाढवून देऊ शकतात. उपासाच्या दिवशी पण हेच, शेंगदाणा लाडू, खजूर, वेफर्स असं दिवसभर तोंडात टाकत बसण्यापेक्षा दोनदा व्यवस्थित बसून खा.

ट्रे काढणं आणि ठेवणं

हात साबणाने धुवा. ट्रे कधीही पुढच्या दातांवरून ओढायचा नाही, आतल्या बाजूने, म्हणजे जिभेकडून, शेवटच्या दाढेपाशी बोट अडकवून सोडवायचा, आधी एक बाजू, मग दुसरी, मग पुढे. एका बाजूने खेचून काढला की तडा जातो, किंवा अटॅचमेंट, म्हणजे दातावर चिकटवलेला छोटा उंचवटा, सुटते. काढला की साध्या पाण्याखाली धरा आणि थेट डबीत. ताटाच्या कडेला नाही, खिशात नाही आणि पेपर नॅपकिनमध्ये तर अजिबात नाही. लग्नाच्या पंगतीत नॅपकिनमध्ये गुंडाळलेला ट्रे पत्रावळीबरोबर उचलून नेला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा, ट्रेला लाळेचा वास असतो आणि ते चावून तुकडे करतात.

इलॅस्टिक, म्हणजे छोटे रबर, लावत असाल तर तेही खाताना काढायचे, नंतर नवीन लावायचे.

पिणं: ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी

साधं म्हणजे साधं. गार चालेल, माठातलं चालेल, गरम नाही. सकाळचं लिंबू-मध पाणी, शहाळ्याचं पाणी, ताक, सोलकढी, कोकम सरबत, उसाचा रस, बिनसाखरेचा कोला, हे सगळं ट्रे काढून. स्ट्रॉने प्यायलं तर चालतं असं बरेच जण समजतात, चालत नाही, द्रव कडेने आत जातोच. एरवी लाळ दात धूत असते, आम्ल कमी करत असते. ट्रेच्या आत अडकलेल्या गोड किंवा आंबट थेंबापर्यंत ती लाळ नीट पोचत नाही, तो थेंब दाताला चिकटून तासन् तास बसतो. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातली, खनिजं निघायला लागतात, पुढे पांढरे डाग आणि मग कीड. दात सरळ करायला गेलो आणि दोन दातांत फिलिंग करून आलो असं व्हायला नको. खोकल्याचं सिरप आणि चघळायच्या गोळ्यांनाही हाच नियम.

आता चहा. मराठी घरात खरी परीक्षा इथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रे बनतोच मुळी गरम करून, प्लास्टिकची शीट तापवून तुमच्या दातांच्या थ्रीडी प्रिंट केलेल्या मॉडेलवर दाबतात. उष्णतेने ज्याला आकार येतो त्याचा आकार उष्णतेनेच जातो. माझा ४ नंबरचा खालचा ट्रे होता, एका नातेवाईकांकडे गेले होते, कप समोर आला, नाही कसं म्हणायचं म्हणून ट्रे न काढता दोन घोट घेतले, कपातून वाफ निघत होती. रात्री ब्रश करताना आरशात बघितलं तर डावीकडच्या दाढेवर ट्रेची कड हिरडीपासून वर उचललेली, आत नखाएवढी पोकळी, आणि तिथे चहाचा तपकिरी पट्टा जमलेला. बोटाने दाबलं की बसायचं, सोडलं की परत वर. डॉक्टरांनी परत ३ नंबरवर पाठवलं, मग ४ चा नवीन ट्रे बनून यायची वाट बघितली. यात जवळपास तीन आठवडे गेले.

तेव्हापासून चहा दोनदाच आणि दोन्ही वेळा खाण्याबरोबर. ऑफिसातला ११ चा चहा सोडला, पहिला आठवडा डोकं दुखलं, मग सवय झाली. ज्यांना तिसरा कप हवाच आहे त्यांनी ट्रे काढा, उभ्या उभ्या ५ मिनिटांत संपवा, खळखळून चूळ भरा आणि ट्रे घाला. कप घेऊन अर्धा तास कम्प्युटरसमोर घोट घोट पीत बसू नका. आणि पाहुणे म्हणून गेलात तर सरळ सांगा, "काकू, दातांना ट्रे लावलाय, आत्ता पाणीच द्या." कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट पाच मिनिटं त्यावरच गप्पा होतात.

नवीन ट्रेचे पहिले दोन-तीन दिवस

नंबर बदलायचा तो रात्री झोपताना, म्हणजे पहिला ठणका झोपेत निघून जातो. दुसऱ्या दिवशी दात हलल्यासारखे, चावताना दुखरे वाटतात, पोळीचा तुकडा तोडणंही नको होतं. या दिवसांत गुरगुट्या भात आणि मेतकूट-तूप, मुगाची मऊ खिचडी, वरणात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, घावन, उपमा, शिकरण, दही-भात. ऑम्लेट आणि माशांची आमटी पण छान जाते. डबा नेणाऱ्या मुलांना त्या दिवशी इडली द्या, आणि डब्याच्या पिशवीत ट्रेची डबी आहे ना ते बघा.

कडक आणि चिवट

अटॅचमेंट म्हणजे दातावर चिकटवलेले दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे, ट्रे त्यांना धरून दात फिरवतो. ते कडक चावताना सुटतात. चिक्की, तिळाची कडक वडी, ऊस, सुकं खोबरं, मटणाची नळी, सुपारी हे टाळलेलं बरं. बाकीचं कापून खा: कणसाचे दाणे सुरीने काढून, पेरू-सफरचंदाच्या फोडी करून, चकली तुकडे करून मागच्या दाढांनी. पुढच्या दातांनी ओढून तोडायचं काही नको. च्युइंगगम ट्रेवर चिकटतो, विसरून जा.

हळद

याबद्दल फार कमी जण आधी सांगतात. हळदीचा रंग प्लास्टिकवर बसतो आणि अटॅचमेंटवर तर आणखी पक्का बसतो. एका रविवारी पिठलं-भाकरी खाल्ली, नुसती चूळ भरली, ट्रे घालून झोपले. सकाळी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर वरच्या सुळ्यावरचा उंचवटा तुरीच्या डाळीच्या दाण्यासारखा पिवळा आणि ट्रेला आतून पिवळी झाक. ट्रे तर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतो, अटॅचमेंट मात्र कित्येक महिने तीच असते.

हळद बंद करायची गरज नाही, आपलं जेवण हळदीशिवाय होत नाही. एवढंच करा की रस्सा, कढी, पिठलं, लोणचं खाल्लं की लगेच पाण्याने चूळ भरा आणि जमेल तितक्या लवकर ब्रश करा, अटॅचमेंटच्या भोवती ब्रश गोल फिरवून. लग्नकार्य किंवा मटणाचा बेत असेल तर शक्यतो ट्रे संपत आलेल्या दिवसांत येऊ दे, पिवळा झाला तरी दोन दिवसांत बदलायचाच असतो. हळद-दूध रात्रीच्या जेवणाच्या बैठकीतच उरकायचं, नंतर नाही. पिवळा ट्रे उन्हात किंवा उकळत्या पाण्यात ठेवायचा घरगुती उपाय कुणी सांगेल, ऐकू नका, वाकेल.

खाल्ल्यावर ट्रे परत घालताना

आधी चूळ, मग फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा), मग ब्रश. डॉक्टरांनी दातांच्या कडा किंचित घासून मध्ये जागा केली असेल तर त्या फटींत मेथी, कोथिंबीर, मटणाचा धागा हमखास अडकतो, बारीक इंटरडेंटल ब्रश जवळ ठेवा. लिंबू, कोकम, चिंच असं आंबट खाल्लं असेल तर लगेच घासू नका, इनॅमल तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं, अर्धा तास थांबा, तोवर भरपूर चुळा भरून ट्रे घातला तरी चालेल. ट्रे धुवायला मऊ ब्रश आणि गार किंवा कोमट पाणी, टूथपेस्ट नको, तिने बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. मग ट्रे आधी पुढून, नंतर मागून बोटांनी बसवा आणि चघळायची रबरी नळी दिली असेल तर ती काही मिनिटं सगळीकडे चावा. ट्रे चावून बसवू नका.

प्रवासात एसटी स्टँडच्या नळावर हे सगळं जमत नाही. पर्समध्ये डबी, घडीचा ब्रश, फ्लॉस आणि पिण्याच्या पाण्याची बाटली ठेवा, ब्रश नाही जमला तर नुसती जोरात चूळ भरून ट्रे घाला आणि मुक्कामाला पोचल्यावर नीट साफ करा. तीन तास ट्रे बाहेर ठेवण्यापेक्षा हे बरं. प्रसाद हातावर आला तर कागदात बांधून घ्या आणि पुढच्या जेवणाच्या ताटात खा.

ट्रे हरवला, तुटला किंवा वाकला तर आधीचा नंबर लगेच घाला, म्हणूनच जुना सेट टाकायचा नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुढच्या नंबरवर जायचं की नाही ते आपण ठरवायचं नाही, किती दिवस झालेत आणि दात कितपत सरकलेत ते बघून तेच सांगतात. फोन करताना ट्रेचा नंबर आणि घातल्याची तारीख हाताशी हवी, मी ती डबीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवते.