निळ्या पतंगाच्या भेटीला निघण्याआधी

सप्टेंबरात दक्षिण इंग्लंडच्या रानात क्लिफ्डन नॉनपरेल हा रात्री उडणारा मोठा पतंग बघायला जायचं ठरवलंत, तर बॅटरी-कॅमेऱ्याच्या आधी झाडाची तयारी करा. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये याचं नाव ठेवलं ‘फ्रॅक्सिनी’, म्हणजे ॲश झाडाचा. अळी मात्र वाढते आस्पेनवर आणि इतर पॉप्लरांवर. नावावर विसंबून ॲशखाली रात्र काढलीत, तर हात हलवत परत याल.

म्हणून दुपारीच जाऊन आस्पेन हेरून ठेवा. ओळखायला सोपं: जराशा झुळुकीनंही पानं थरथरतात, थेट आपल्या पिंपळासारखी, कारण देठ बाजूंनी चपटा असतो. मुळांतून वर आलेले धुमारे आजूबाजूला दिसले की जागा पक्की समजा. रान खासगी असेल तर मालकाची परवानगी तेव्हाच घ्या. अळी मात्र आत्ता शोधू नका. अंडी सालीवर हिवाळा काढतात, वसंतात अळी बाहेर येते आणि राखाडी अंग डहाळीला असं चिकटवून बसते, की बोट लागेपर्यंत कळत नाही. उन्हाळ्यात पानं जोडून त्यांतच ती कोष करते.

आता पतंगाला खोडाकडे ओढणारं गोड आमिष. काकवी, ब्राउन शुगर आणि बिअर मंद आचेवर एकजीव करा. रमचा झाकणभर घोट गार झाल्यावरच घाला, नाहीतर वास उडून जातो. जुना रंगाचा ब्रश घ्या, चांगला नेलात तर तो वाया गेला म्हणून समजा. दिवेलागणीला खोडांवर डोळ्यांच्या उंचीवर या आमिषाचे पट्टे ओढा. रात्र उबदार, ढगाळ, दमट हवी. स्वच्छ चांदणं असेल तर बेत पुढे ढकला.

पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट, कारण गवतात गोचिड्या असतात. बॅटरीवर लाल कागद. पट्ट्यांवर आधी गोगलगाईच जमतील, कंटाळू नका. पतंग बसला की पुढचे करडे पंख सालीत मिसळून जातात. पंखांची रुंदी नऊ-दहा सेंटिमीटर असूनही नजर चुकते. प्यायला लागल्यावर पंख जरा उचलतो, तेव्हा मागच्या काळ्या पंखांवरचा फिकट निळा पट्टा दिसतो. कॅमेरा तोवर तयार हवा, आणि पाय जागच्या जागी.