कनेक्टिव्ह टिश्यूच्या स्लाइड कशा ओळखाव्यात

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिकल कॉलेजला प्रवेश मिळालेला असो की कसबा बावड्याला, पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघण्याच्या) प्रॅक्टिकलला कनेक्टिव्ह टिश्यू (शरीराला जोडणारी, आधार देणारी ऊती) अडवतेच. वर्गीकरणाचा तक्ता तोंडपाठ असूनही स्पॉटर (परीक्षेत ओळखायला ठेवलेली स्लाइड) ओळखता येत नाही, कारण सवयीने आधी पेशी शोधल्या जातात. एपिथेलियममध्ये (पृष्ठभाग झाकणाऱ्या ऊतीत) ते चालतं, तिथे पेशी एकमेकींना चिकटून असतात. इथे पेशी विरळ आणि मधलं मॅट्रिक्स (तंतू आणि त्यांच्यातला भराव) जास्त. त्यामुळे तंतू कोणते, किती दाट आणि कोणत्या दिशेने, हे आधी बघा.

सुरुवात १०एक्सवर करा. तंतू सैल आणि भरपूर मोकळी जागा असेल तर एरिओलर (सैल कनेक्टिव्ह टिश्यू). जाड गुलाबी जुड्या वाटेल त्या दिशेने गेल्या असतील तर त्वचेचा डर्मिस (आतला थर). सगळ्या समांतर असतील तर टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर). टेंडन आणि स्मूथ मसल (आतड्यासारख्या अवयवांच्या भिंतीतला स्नायू) यांत हमखास गल्लत होते. ४०एक्स लावून केंद्रकं बघा. टेंडनमध्ये ती बारीक, चपटी, जुड्यांच्या फटींत ओळीने बसलेली असतात. स्मूथ मसलमध्ये पेशीच्या आत, मध्यभागी.

एच अँड ई (हिमॅटॉक्सिलीन-इओसिन) या नेहमीच्या रंगात कोलॅजेन गुलाबी होतं, पण रेटिक्युलर तंतू उठून दिसत नाहीत; त्यांना सिल्व्हर स्टेन हवा. इलॅस्टिक तंतूंना ऑर्सिन हा रंग. चरबीची पेशी पोकळ दिसते, कारण स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. कडेला ढकललेलं केंद्रक सापडलं की शंका मिटते. प्लाझ्मा सेलचं (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीचं) केंद्रकही एका बाजूला असतं, पण गोल, क्रोमॅटिन (केंद्रकातला डीएनए) चाकाच्या आऱ्यांसारखं, आणि शेजारी गॉल्जीचा (पेशीतल्या एका घटकाचा) फिकट पट्टा. मास्ट सेल (ॲलर्जीत भाग घेणारी दाणेदार पेशी) एच अँड ईत शोधत बसू नका. टोल्युडीन ब्लू हा रंग निळा असला तरी तिचे दाणे जांभळे दिसतात, तीच खूण.

हाडाच्या घासून केलेल्या स्लाइडमध्ये ऑस्टिओसाइट (हाडाच्या पेशी) उरलेल्याच नसतात. काळ्या दिसतात त्या रिकाम्या लॅक्युना (पेशींच्या खोबण्या). जर्नलमध्ये लेबलही तसंच द्या.

कार्टिलेजला (कूर्चेला) मात्र वेळ द्या. हायलाइनमध्ये टाइप २ कोलॅजेन असतं, तरी मॅट्रिक्स काचेसारखं एकसंध दिसतं. फायब्रोकार्टिलेजला पेरिकॉन्ड्रियम (कार्टिलेजभोवतीचं आवरण) नसतं. मणक्यांमधली डिस्क बघा. कानाची पाळी सोडली तर वरचा सगळा बाह्यकर्ण इलॅस्टिक कार्टिलेजवर उभा असतो. कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, कानात पोषण पेरिकॉन्ड्रियममधून झिरपतं. तालमीतल्या पैलवानांचे कान बघितलेत ना? रगडल्याने पेरिकॉन्ड्रियम सुटतं, मधे रक्त साचतं, कार्टिलेजचं पोषण तुटून ते मरतं आणि त्या जागी फायब्रस टिश्यू आणि ओबडधोबड नवं कार्टिलेज तयार होतं. म्हणून ताजं रक्त लवकर काढून कान दाबून बांधतात. नुसतं काढून सोडलं तर पुन्हा साचतं.