तुंबलेला काचेचा पाइप आणि जाडं मीठ
भाच्याने माशाच्या आकाराचा काचेचा पाइप दिला, सुकी तुळस-पुदिना ओढायला. (तंबाखू नसला तरी धुरात टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच, म्हणून मी क्वचितच ओढतो.) ठाण्याच्या पावसाळ्यात जांभळी नाक्यावरून आणलेली पानं दमट होतात, नीट जळत नाहीत. शेपटीच्या वळणात काळा चिकटा साचला आणि पाइप तुंबला.

भाचा म्हणाला, "मामा, उकळत्या पाण्यात टाक ना!" छे! साधी काच एकदम तापली की तडकते. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी काच) तिच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, पण हा पाइप कशाचा कोण सांगणार?

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाडं मीठ झिपच्या पिशवीत घातलं, त्यात थंड पाइप टाकून खळखळवला. मीठ अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून घासणीचं काम करतं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून हे गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. मग कोमट पाण्याने धुऊन खडखडीत वाळवला.

तोंडात राख यायची, ती पाइपच्या वाटीत (पानं भरतात तिथे) बसवलेल्या पितळी जाळीने थांबली. नवा घ्यायचा तर जाड काचेचा, सरळ नळीचा बघा. खवल्यांची नक्षी घासायला वैताग आहे. पानं आता हवाबंद बरणीत असतात.